ठाणे ते पेंधर : एक लोकल, एक मेट्रो आणि तीन सूच्या

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने बेलापूर आणि तिथे उतरून नवी मुंबई मेट्रोने खारघर, हा माझा कामावर जाण्याचा रस्ता आहे. खारघरमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. केंद्र आणि राज्य यांच्यातील अधिकारवाटपाचे प्रकरण दर वर्षी वर्गात येते आणि त्यातील बहुतेक उदाहरणे मला याच प्रवासात सापडतात. म्हणून या दोन्ही सेवांचे परीक्षण एकत्र लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. सेवा चांगली आहे, नियमित प्रवाशाने निःशंकपणे वापरावी अशी आहे. ती जिथे विशेष चांगली आहे, तिथे खर्च कोणी किती उचलायचा आणि कोणत्या कामाला कोण जबाबदार, हे दोन्ही सरकारांनी आधी कागदावर ठरवून घेतलेले दिसते. जिथे ते ठरलेले नाही किंवा ठरूनही अर्धवट राहिले आहे, तिथे प्रवासी ताटकळतो.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेकडील ९, १० आणि १० अ या फलाटांवरून वाशी, नेरूळ आणि पनवेलकडे गाड्या सुटतात. गाडी इथूनच सुटत असल्यामुळे फलाटावर थोडे आधी पोहोचणाऱ्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी असते, आणि मुख्य मार्गावरून आलेल्या माणसाला ही गोष्ट किती मोलाची वाटते हे वेगळे सांगायला नको. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्थानके घेत गाडी जुईनगरला वळते आणि नेरूळ, सीवूड्स करत बेलापूरला येते. एका बाजूला औद्योगिक पट्टा आणि पारसिकचे डोंगर, दुसऱ्या बाजूला वसाहती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सकाळी वाहनांच्या रांगा लागतात त्या वेळी ही गाडी पाऊण तासाच्या आत बेलापूरला आणून सोडते.

ही लोकल कोणाची, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात ‘केंद्राची’ म्हणतात, आणि ते बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम २४६ नुसार कायदे करण्याचे विषय सातव्या अनुसूचीतील तीन सूच्यांमध्ये (केंद्र सूची, राज्य सूची आणि दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांची समवर्ती सूची) वाटलेले आहेत आणि ‘रेल्वे’ हा केंद्र सूचीतील २२ व्या क्रमांकाचा विषय आहे. त्यामुळे या गाडीचे भाडे, तिच्या फेऱ्या आणि डब्यांची संख्या यांवर महाराष्ट्र विधानसभेत कितीही तळमळीने भाषणे झाली, तरी कायदा तिथे होऊ शकत नाही. त्याचा निर्णय रेल्वे मंत्रालयाचा आणि त्याचा जाब संसदेत. पूर्वी रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प असे, तेव्हा उपनगरी प्रवाशाला निदान वर्षातून एकदा आपला विषय ठळकपणे चर्चेला आलेला दिसे. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला.

मात्र हे उत्तर इथेच थांबवले तर नवी मुंबईतील रेल्वेचे खरे वैशिष्ट्य निसटते. हे लोहमार्ग एकट्या केंद्राने घातलेले नाहीत. नवी मुंबई वसवण्यासाठी राज्य सरकारने १९७० मध्ये सिडकोची स्थापना केली आणि या शहरातील रेल्वे प्रकल्पांच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने आणि ३३ टक्के भार रेल्वेने उचलायचा, असे सूत्र ठरले. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोहोचलेला मार्ग, २००४ मध्ये सुरू झालेला ठाणे-वाशी मार्ग आणि अलीकडचा उरण मार्ग हे सगळे याच भागीदारीतून झाले आहेत. केंद्राच्या विषयासाठी राज्याच्या महामंडळाने दोन तृतीयांश रक्कम का द्यावी, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि त्याचे उत्तर राज्य सूचीत आहे. जमीन हा राज्य सूचीतील १८ वा विषय आहे. आगरी-कोळी गावांची संपादित केलेली जमीन सिडकोच्या हाती होती. त्या जमिनीला शहरातील भूखंडाची किंमत यायची तर तिथपर्यंत गाडी जायला हवी होती. रूळ केंद्राच्या अखत्यारीतले असले, तरी त्यांच्यामुळे वाढणारी किंमत राज्याच्या महामंडळाच्या तिजोरीत जाणार होती, आणि म्हणून त्या तिजोरीतून रुळांचा खर्च निघणे न्याय्य होते. अधिकार एकाकडे आणि लाभ दुसऱ्याकडे अशी विभागणी असली की वाद होतात. इथे लाभाच्या हिशेबाने खर्च वाटला गेला आणि आपल्याला लोकल मिळाली. ज्यांची शेते आणि मिठागरे गेली त्यांना मात्र आपल्या वाट्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा द्यावा लागला, साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली, आणि त्यात १९८४ मध्ये माणसांचे प्राणही गेले. या गाडीची स्तुती करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

या भागीदारीच्या खुणा डोळसपणे पाहणाऱ्याला स्थानकांवर दिसतात. वाशी किंवा बेलापूर स्थानकात शिरताना आपण आधी एका प्रशस्त व्यापारी संकुलातून जातो, ते सिडकोने उभारलेले आहे. पुढे तिकीट खिडकी, फलाट आणि रूळ येतात, तिथे रेल्वेचा कारभार चालतो. उंच छत, रुंद जिने आणि फलाटाखालून आरपार जाणारे भुयारी मार्ग यांमुळे ही स्थानके मुंबईतील जुन्या स्थानकांपेक्षा नक्कीच सुखावह आहेत. पण छप्पर गळले किंवा सरकता जिना बंद पडला, तर दाद कोणाकडे मागायची हे प्रवाशाला समजत नाही, कारण इमारत बांधणारा एक आणि गाडी चालवणारा दुसरा आहे. स्थानकाबाहेरचा पदपथ तर बहुधा तिसऱ्याचा, म्हणजे महानगरपालिकेचा असतो, आणि स्थानिक स्वराज्य हा राज्य सूचीतील पाचवा विषय आहे.

दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. ऐरोली ते कळवा असा उन्नत मार्ग बांधून कल्याणकडील प्रवाशांना ठाणे स्थानकात न उतरता थेट नवी मुंबईत आणायचे, या प्रकल्पाचा हा पहिला टप्पा. मुंबई रेल्वे विकास महामंडळ हा प्रकल्प राबवते आणि या महामंडळात रेल्वेचा ५१ टक्के व राज्याचा ४९ टक्के वाटा आहे. स्थानक झाले, पण उन्नत मार्ग रखडला, कारण त्या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन होणे आधी आवश्यक आहे. रूळ केंद्राच्या विषयात मोडतात. पण ज्यांच्या घरांवरून ते जाणार त्यांना दुसरे घर देण्याचे काम राज्याच्या यंत्रणेकडे येते. ठाणे स्थानकात गाडी बदलताना जिन्यावर होणारी चेंगराचेंगरी कमी करण्याचा हा सर्वांत थेट उपाय आहे, आणि तो अभियांत्रिकीमुळे अडलेला नाही. या मार्गाविषयी माझी खरी नाराजी कोणती, असे कोणी विचारले तर ती हीच आहे.

आता सुरक्षेविषयी, कारण या बाबतीत प्रवाशांना माहिती असणे फार गरजेचे आहे. फलाटावर खाकी गणवेशातील दोन प्रकारचे जवान दिसतात आणि बहुतेक लोक त्यांच्यात फरक करत नाहीत. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, हे १९५७ च्या कायद्याने स्थापन झालेले केंद्राचे दल आहे. रेल्वेची मालमत्ता, प्रवासी आणि प्रवासी क्षेत्र यांचे संरक्षण हे त्याचे काम. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, हे मात्र महाराष्ट्र पोलिसांचाच भाग आहेत. राज्य सूचीतील दुसरा विषय ‘पोलीस’ हा आहे आणि घटनाकारांनी त्यात ‘रेल्वे पोलिसांसह’ असे स्पष्टपणे नमूद केले आहे. म्हणजे गाडी केंद्राची, पण त्या गाडीत झालेल्या चोरीचा गुन्हा नोंदवून तपास करण्याचे काम राज्याचे. कलम २५७ च्या तिसऱ्या खंडात तर, राज्याच्या हद्दीतील रेल्वेच्या संरक्षणासाठी कोणती उपाययोजना करावी याविषयी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकते, आणि त्यामुळे राज्याला नेहमीपेक्षा जास्त खर्च आला तर चौथ्या खंडाप्रमाणे तो केंद्राने द्यायचा आहे. प्रत्यक्षात लोहमार्ग पोलिसांचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. इतका बारीक विचार करून केलेली वाटणी मला नेहमीच प्रभावित करते.

माझ्या एका विद्यार्थिनीचा मोबाइल कोपरखैरणे आणि तुर्भे यांच्या दरम्यान चोरीला गेला, तेव्हा ती उतरल्याबरोबर समोर दिसलेल्या आरपीएफच्या महिला जवानाकडे धावली. ‘ताई, मी तुमचं नाव-गाव लिहून घेते, पण एफआयआर जीआरपीकडेच होईल, चला मी दाखवते,’ असे म्हणत त्या तिला लोहमार्ग पोलिसांकडे घेऊन गेल्या आणि तक्रार नोंदवली गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने विचारले, ‘मॅडम, दोघंही पोलीसच, मग दोन ऑफिसं कशाला?’ सातव्या अनुसूचीवरील त्या वर्षीचा सर्वांत चांगला तास या प्रश्नामुळे झाला. प्रवाशांनी एवढे ध्यानात ठेवावे की डब्यातील गैरसोय, विसरलेले सामान किंवा तातडीची मदत यांसाठी १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे, लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२ आहे, आणि चोरी, छेडछाड किंवा मारहाण झाली असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडेच नोंदवला जातो.

तिकिटावरही ही विभागणी छापलेली असते, हे फारसे कोणी पाहत नाही. द्वितीय श्रेणीच्या प्रवासाला वस्तू व सेवा कर नाही, पण प्रथम श्रेणीच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे आणि ठाणे-बेलापूर हा प्रवास राज्यातल्या राज्यात असल्यामुळे त्यातील अडीच टक्के केंद्राला व अडीच टक्के महाराष्ट्राला जातात. केंद्र सूचीतील ८९ व्या नोंदीप्रमाणे रेल्वे भाड्यावरील कर हा एकट्या केंद्राचा विषय आहे. पण २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने कलम २४६ अ आणले आणि वस्तू व सेवांवर कर लावण्याचा अधिकार संसद व विधानमंडळे दोघांनाही एकाच वेळी दिला, म्हणून राज्याचा हात प्रथमच लोकलच्या तिकिटापर्यंत पोहोचला. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात; त्यामुळे केंद्राला राज्यांवाचून आणि राज्यांना केंद्रावाचून पुढे जाता येत नाही.

बेलापूरला उतरून मेट्रोचे स्थानक पायी जाण्याच्या अंतरावर आहे. बेलापूर ते पेंधर या ११.१ किलोमीटरच्या मार्गावर ११ स्थानके आहेत आणि तो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. तीन डब्यांची वातानुकूलित गाडी, स्वच्छ फलाट, ज्येष्ठांना जिने चढावे लागू नयेत म्हणून उद्वाहने आणि उत्सव चौक, सेंट्रल पार्क अशी वस्तीच्या मधोमध असलेली स्थानके, यांमुळे खारघरच्या रहिवाशांचे जगणे खरोखर सुकर झाले आहे. सुरुवातीला बेलापूर ते पेंधर प्रवासाला ४० रुपये पडत, २०२४ मध्ये सिडकोने ते ३० रुपयांवर आणले, आणि तेव्हापासून माझे विद्यार्थीही मेट्रोत दिसू लागले आहेत. या कपातीचे मी मनापासून स्वागत करते.

मेट्रो कोणाची, या प्रश्नावर मात्र वर्गात दोन तट पडतात. ती बांधली सिडकोने, म्हणजे राज्याच्या महामंडळाने. सुरू होताना चालवण्याची जबाबदारी महामेट्रोकडे देण्यात आली, आणि महामेट्रो ही केंद्र व राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. पूर्णपणे एका राज्यात, किंबहुना एका शहराच्या परिसरात धावणारी ही गाडी राज्याच्या विषयात मोडायला हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. राज्य सूचीतील १३ व्या नोंदीत रस्ते, पूल आणि नगरपालिका हद्दीतील ट्रामगाड्या राज्याकडे दिलेल्याच आहेत. पण कलम ३६६ मध्ये रेल्वेची व्याख्या करताना, संपूर्णपणे नगरपालिका हद्दीत असलेली ट्राम आणि एकाच राज्यात असलेला व संसदेने कायद्याने ‘रेल्वे नव्हे’ असे जाहीर केलेला मार्ग, एवढेच वगळले आहे. मेट्रोच्या बाबतीत संसदेने तसे जाहीर केले नाही. उलट बांधकामासाठी १९७८ चा आणि चालवण्यासाठी २००२ चा असे दोन केंद्रीय कायदे मेट्रोला लागू आहेत. त्यामुळे गाडी राज्याच्या पैशाने बांधली गेली, तरी डब्यांच्या तांत्रिक मंजुरीसाठी रेल्वे मंडळाकडे आणि प्रवासी वाहतुकीच्या परवानगीसाठी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जावे लागते.

हे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अधीन नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाडी चालवणाऱ्याने स्वतःच्याच गाडीला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देऊ नये, यासाठी केलेली ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. भाड्याच्या बाबतीतही केंद्रीय कायद्याने तोल राखला आहे. पहिले भाडे मेट्रो प्रशासन ठरवू शकते. पुढे भाडेनिश्चिती समिती नेमली गेली तर तिचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांकडे असते आणि केंद्र व राज्य यांचा प्रत्येकी एक सदस्य तिच्यात बसतो. या कामाचे भूमिपूजन २०११ मध्ये झाले आणि पहिली गाडी २०२३ मध्ये धावली, ही बारा वर्षे खारघरच्या लोकांनी अर्धवट खांबांकडे पाहत काढली, हे मात्र या सेवेच्या खात्यावर लिहावेच लागते. या विलंबाचे खापर अधिकारवाटपावर फोडता येणार नाही, कारण इथे पैसा, जमीन आणि काम हे सारे राज्याच्याच महामंडळाकडे होते. सगळे अधिकार एका हातात आले की काम झपाट्याने होते, असे मानणाऱ्यांनी हा मार्ग अवश्य अभ्यासावा.

उरणकडे जाणारा फाटा मी कधीतरीच वापरते, म्हणून थोडक्यात सांगते. खारकोपरपर्यंत तो २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये पोहोचला. कांदळवने आणि वनजमीन यांच्या परवानग्यांत बराच काळ गेला. १९७६ पर्यंत ‘वने’ हा राज्याचा विषय होता. ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर वनजमीन इतर कामासाठी वळवायची तर केंद्राची पूर्वपरवानगी अनिवार्य झाली. खाडीकाठच्या शहरासाठी ही दुहेरी चाळणी असायलाच हवी, असे माझे मत आहे. रोहित पक्ष्यांची खाडी वाचवून गाडी थोडी उशिरा आली तर मला चालेल. ४२ व्या दुरुस्तीनेच माझा व्यवसाय, म्हणजे शिक्षण, हाही विषय समवर्ती सूचीत नेला.

मेट्रोतून उतरल्यावर रिक्षा किंवा एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची, बस घ्यावी लागते. मोटार वाहने हा समवर्ती विषय आहे: कायदा संसदेचा, १९८८ चा, पण परवाना देणारे आरटीओ राज्याचे आणि रिक्षाचे भाडेही राज्याचे प्राधिकरण ठरवते. म्हणून एमएच ०४ ची ठाण्याची रिक्षा आणि एमएच ४३ ची वाशीची रिक्षा यांचे मीटर एकाच दराने पळते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ हे अॅप सुरू झाले. त्यात उपनगरी रेल्वे, मुंबई व नवी मुंबईच्या मेट्रो, मोनोरेल आणि बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर यांच्या परिवहन सेवा अशा ११ यंत्रणांची तिकिटे एकत्र आणली आहेत. केंद्राची रेल्वे, राज्याची मेट्रो आणि महापालिकेची बस यांची नावे एकाच पडद्यावर पाहून मला जो आनंद झाला, तो राज्यशास्त्राच्या शिक्षकालाच कळेल. यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली नाही, एकाही सूचीतील एकही विषय हलवावा लागला नाही. आपापला अधिकार आपल्याकडे ठेवून हिशेब वाटून घेण्याचा करार पुरेसा ठरला. पासधारकाला अजून याचा पूर्ण लाभ नाही. लोकलचा मासिक पास आणि मेट्रोचे भाडे मिळून एकच सवलतीचा पास निघाला, तर ठाणे-खारघर प्रवासासाठी वापरायची खासगी वाहने सोडून अनेक जण या प्रवासाकडे वळतील.

लोकलला मी पाचपैकी चार आणि मेट्रोला साडेतीन गुण देते. लोकलचा एक गुण ऐरोली-कळवा मार्ग पूर्ण झाल्यावर देईन, मेट्रोचा अर्धा गुण सामायिक पास निघाल्यावर. रेल्वे आणि सिडको या दोघांकडे माझी एक मागणी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी मराठीत एक फलक लावावा आणि त्यावर छप्पर, जिने, स्वच्छतागृह, फलाट, वाहनतळ, बाहेरचा रस्ता आणि पोलीस या प्रत्येकाची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची आहे, ते दूरध्वनी क्रमांकासह लिहावे. सुरुवात बेलापूरपासून करावी, कारण तिथे लोकल, मेट्रो, बस आणि रिक्षा या चारही सेवा एकत्र येतात.